हेरांची भरती

लहानपणी शाळेत बाईंनी विचारलं होतं, "तुझे बाबा काय करतात?" तेव्हा तिने बिनधास्त सांगून टाकलं, "हेर आहेत." बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. शेवटी आईला शाळेत जाऊन समजावून सांगावं लागलं, की हे हेर म्हणजे तसले हेर नव्हेत. ते बास्केटबॉलच्या एका मोठ्या क्लबात नोकरीला आहेत. गावोगाव फिरून सामने बघतात आणि उद्याचे चांगले खेळाडू हेरून ठेवतात.

"म्हणजे सामने बघायचा पगार मिळतो?" बाईंना नवल वाटलं.

"हो," आई म्हणाली, "आणि घरी नसण्याचाही त्यातच धरलेला आहे."

त्या मुलीच्या केसांत आता पांढरे धागे दिसू लागले होते आणि ती त्याच क्लबात खेळाडू निवड विभागाची प्रमुख झाली होती. कचेरीत तिला सगळे मॅडम म्हणत. घरी मात्र ती अजून छोटीच होती, आणि ती आईपेक्षा वीतभर उंच असूनही यात कोणाला काही विनोदी वाटत नसे.

बाबांना जाऊन काही वर्षं झाली होती. त्याआधी क्लबाने त्यांना नारळ दिला होता. तेव्हाच्या व्यवस्थापनाचं म्हणणं असं, की आता प्रत्येक सामन्याचं चित्रण मिळतं, आकडे मिळतात, मग गाडी घेऊन भटकणारी माणसं कशाला पोसायची? छोटीला यात कोणाला दोष देता येत नव्हता, कारण ती स्वतः चित्रणाच्या खोलीतूनच वर आली होती. अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसून तिने खेळाडूंचे डाव उलटेसुलटे करून पाहिले होते, आणि त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण मागच्या मोसमात क्लबाने एक उंचापुरा खेळाडू घेतला. आकडे असे, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. तो आला, सरावात कोणाशी चकार शब्द बोलला नाही, दोन पराभवांनंतर बॅग भरून जो घरी गेला तो परत आलाच नाही. नंतर कळलं, की तो आधीच्या संघातही असाच मधूनच उठून जायचा. पडद्यावर ते दिसलं नव्हतं, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे फिरतो, रुसून बसलेल्या माणसाच्या मागे फिरत नाही.

साहेबांनी, म्हणजे क्लबाच्या नव्या सरव्यवस्थापकांनी, तिला बोलावून घेतलं. "पुन्हा माणसं ठेवू या. पण नवशिकी नकोत. ज्यांनी आयुष्यभर हे केलंय अशी दोन माणसं आण. मोसम सुरू व्हायच्या आत."

जाहिरात गेली, अर्ज आले, मुलाखती सुरू झाल्या. एक गृहस्थ आले ते अर्धा वेळ आपण कोणाकोणाला शोधून काढलं तेच सांगत बसले. त्यांचं ऐकून असं वाटावं, की हा खेळच मुळी त्यांनी शोधून काढला. दुसऱ्याने नकाशे, तक्ते, रंगीत वर्तुळं अशी काही जय्यत तयारी आणली होती, की साहेब खूश झाले. पण "शेवटचा सामना मैदानात बसून कधी पाहिलात?" असं छोटीने विचारल्यावर तो खिडकीबाहेर बघायला लागला.

मग एक निवृत्त पंचबाई आल्या. आखूड केस, खणखणीत आवाज. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मी खेळाडू कधी निवडले नाहीत. पण जन्मभर शिट्टी वाजवून त्यांच्या शिव्या खाल्ल्यात. संघ हरताना कोण शिव्या देतो आणि जिंकताना कोण देतो, ते मला पाठ आहे."

साहेबांनी छोटीकडे पाहिलं, छोटीने साहेबांकडे. पंचबाईंची नेमणूक तिथेच झाली.

दुसऱ्या जागेसाठी मात्र तिच्या मनात पहिल्यापासून एकच माणूस होता, आणि नेमका त्याचाच अर्ज आला नव्हता.

लंबूकाका. बाबा आणि लंबूकाका यांची जोडी होती. छोट्या गावांतल्या व्यायामशाळांमध्ये हे दोघे शिरले, की प्रशिक्षक एकमेकांना कोपराने खुणावत, "घार आली, लंबू आला." घार म्हणजे बाबा, त्यांच्या डोळ्यांमुळे. लंबू का, ते सांगायला नको. दारातून आत येताना ते सवयीने मान तुकवत, दार कितीही उंच असो. बाबांची गाडी, लंबूकाकांचा नकाशा, आणि दोघांचं न संपणारं भांडण. छोटी लहान असताना काका घरी आले, की तिला उचलून दाराच्या वरच्या चौकटीला हात लावायला लावत. आईला ते मुळीच खपत नसे. तिच्या लेखी घरातल्या माणसाला दर आठवड्याला फूस लावून नेणारा माणूस तो हाच. काका गेल्यावर ती नुसतं म्हणायची, "गेला वाटतं तो लंब्या?"

काका आता काकूंच्या दुकानात बसत. शाळेचे गणवेश शिवून विकायचं दुकान. एका शनिवारी छोटी तिथे पोचली तेव्हा दुकानात पालकांची ही गर्दी होती. काकू मशीनवर होत्या, आणि काका गल्ल्यामागे उंच स्टुलावर बसून समोरच्या मुलीकडे डोळे बारीक करून बघत होते.

"बाही चार बोटं जास्त ठेव," ते काकूंना म्हणाले. "ही वाढणार आहे."

"अहो, पण तिला आत्ता बरोबर बसतोय," मुलीची आई म्हणाली.

"मनगटं बघा तिची. पायाचे पंजे बघा. पुढच्या वर्षी तुम्हीच मला दुवा द्याल."

मुलगी लाजून पंजे लपवायला लागली. छोटीला हसू आवरेना. काकांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की तिला क्षणभर वाटलं, आपण इतके दिवस उगाच यायचं टाळलं.

त्यांनी तिला आतल्या खोलीत नेलं. कापडाच्या ताग्यांच्या मधोमध दोन खुर्च्या होत्या. खोलीत नव्या कापडाचा, खळीचा वास भरला होता. तिने आडवळण न घेता सांगून टाकलं, कशासाठी आलीय ते.

काकांनी बराच वेळ एका ताग्याची कड बोटांनी सरळ केली. मग म्हणाले, "नाही जमणार, छोटे."

"का? तब्येत?"

"तब्येतीला काय धाड भरलीय. तुझे बाबा गेल्यावर मी गेलो होतो एकदा. आपल्या इथल्याच कॉलेजांचा सामना होता. बसलो. एका पोराने असा सुरेख पास दिला... मी बाजूला वळून म्हटलं, 'बघितलंस?' शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, 'काय?' " काका हसले, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "मी मध्यंतरातच उठून आलो. मी कधी एकट्याने सामना पाहिलेलाच नाही गं. तो खेळाडूचे पाय बघायचा, मी तोंडं बघायचो. अर्ध्या माणसाला घेऊन तू काय करणार?"

तिने नाना परीने समजावून पाहिलं. काका ऐकून घेत होते, मान हलवत होते, आणि नाहीच म्हणत होते. शेवटी काकूंनी बाहेरून हाक मारली, "अहो, ही मुलं वाढणार आहेत की नाही ते सांगा लवकर, रांग लागलीय!" आणि ते उठले.

सोमवारी ती कचेरीत गेली ती तोंड पाडूनच. आस्थापना विभागातल्या जुन्या बाई तिथे बाबांच्याही आधीपासून होत्या. नोकरीला लागणारा आणि नोकरीवरून जाणारा, दोघांनाही त्यांच्याच टेबलासमोरून जावं लागे. छोटीने त्यांना सांगितलं, "लंबूकाका नाही म्हणाले. एकदा काढून टाकलेला माणूस परत कसा येईल म्हणा."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "काढून टाकलेला? त्यांना कोणी काढलं?"

"बाबांना आणि त्यांना. एकाच दिवशी."

"छे गं. काढलं तुझ्या बाबांना एकट्याला. दोघांतला एक ठेवायचा असं वरून ठरलं होतं, आणि ठेवलं होतं लंबूला. तुझे बाबा तेव्हाच्या साहेबांच्या खोलीत असताना तो माझ्यासमोर इथे उभा होता. मी त्याला म्हटलं, तुझं काही नाही, तू आहेस. तर म्हणाला, 'मग माझाही राजीनामा घ्या.' मी म्हटलं, वेड लागलंय का? घरी विचारून ये. तर म्हणाला, 'बाई, तो आत्ता बाहेर येईल. त्याच्याआधी उरकायला हवं.' " बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "आणि मला बजावलं, की त्याला सांगायचं, दोघांनाही काढलं म्हणून. मी तुझ्या बाबांसमोर तेच सांगितलं. ते दोघं जिना उतरून गेले तेव्हा क्लबाला शिव्या घालत, हसत हसत गेले."

छोटी तिथेच टेबलाची कड धरून उभी राहिली. तिला ती दुपार आठवली. बाबा घरी आले होते, लंबूकाका मागोमाग, आणि बाबा आईला म्हणाले होते, "आम्हा दोघांनाही हाकललं. निदान सोबत तरी आहे." त्यानंतरची वर्षं काका रोज दुपारी घरी येत. दोघं मिळून जवळच्या शाळेच्या मैदानावर जात आणि चिमुरड्या पोरांचे सामने असे तावातावाने बघत, जणू तिथून कोणाला तरी थेट मोठ्या संघात न्यायचं होतं. त्या सोबतीवरच बाबांनी नोकरी गेल्याचं दुःख पचवलं. आजारपणातही काका उशाशी बसून त्यांच्याशी भांडत असत.

संध्याकाळी तिने ते आईला सांगितलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातल्या टॉवेलची घडी पूर्ण केली, तो गठ्ठ्यावर ठेवला, आणि मग पुन्हा उचलून उलगडला.

"ह्यांना माहीत होतं?"

"नाही. कोणालाच नव्हतं."

आईने घड्या तशाच सोडल्या आणि ती स्वयंपाकाला लागली. सकाळी छोटी उठून बघते, तर आई चप्पल घालून तयार. "मला त्या गणवेशाच्या दुकानात सोड," ती म्हणाली.

दुकान नुकतंच उघडलं होतं. गिऱ्हाईक नव्हतं. आईला दारात बघून लंबूकाका असे गडबडीने स्टुलावरून उतरले, की वरच्या दांडीला डोकं आपटलं.

"वहिनी! तुम्ही?"

"तुम्ही आमच्याशी खोटं बोललात," आई म्हणाली.

काकांनी छोटीकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकू मशीनवरचा कपडा उगाचच वरखाली करायला लागल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं हे त्यांच्या खाली घातलेल्या मानेवरूनच कळत होतं.

"खरं सांगितलं असतं, तर त्याने मला दारातून परत पाठवलं असतं," काका डोकं चोळत म्हणाले. "म्हणाला असता, जा, नोकरी कर. आणि मग एकटाच बसला असता खिडकीपाशी. तुम्ही ओळखता त्याला."

"आणि तुमचं घर?"

"घराला ही होती ना. हिचं दुकान होतं. शिवाय वहिनी, गाडी त्याची होती. मी सामन्यांना काय चालत गेलो असतो?"

आईला हसू आलं नाही. ती गल्ल्याजवळच्या खुर्चीत टेकली. "मी तुम्हाला रोज त्या कान तुटलेल्या कपात चहा दिला. मुद्दाम. चांगले कप कपाटात असताना."

"मला वाटलं, तो माझाच कप आहे," काका म्हणाले. "चहा मात्र फर्मास असायचा."

तेव्हा कुठे आई हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून बसून राहिली. काकूंनी मशीन थांबवलं आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. रस्त्यावरून एक टेम्पो कर्कश आवाज करत गेला.

"भाऊजी," आई म्हणाली. इतक्या वर्षांत तिने त्यांना या नावाने कधी हाक मारली नव्हती. "छोटीबरोबर एकदा जाऊन तर बघा. नाही जमलं तर नाही."

"एकट्याने नाही होत, वहिनी."

"एकटं कोण जा म्हणतंय? ही काय मेलीय का?"

"आई!" छोटी म्हणाली. काका मात्र खो खो हसले. बाबांशी भांडताना हसायचे तसे.

पुढच्या आठवड्यात दोघं निघाले. एका लांबच्या गावी तालुक्यांच्या संघांचा सामना होता. जुनी व्यायामशाळा, पत्र्याचं छप्पर, लाकडी पायऱ्यांची बैठक आणि सगळीकडे घामाचा आणि रबराचा वास. दारात एका म्हाताऱ्या प्रशिक्षकाने काकांना पाहिलं आणि तो धावतच आला. त्याने काकांचे दोन्ही हात धरले, मग त्यांच्या मागे पाहिलं, आणि मागे छोटीला बघून त्याने काकांचे हात आणखी घट्ट धरले. "घारीची मुलगी," काका म्हणाले. म्हाताऱ्याने मान हलवली आणि त्यांना चांगली जागा काढून दिली.

पहिला अर्धा भाग काका मांडीवर हात ठेवून मुके बसले होते. आपण ह्यांना उगाच आणलं, असं तिच्या मनात येऊन गेलं. तिने स्वतःचं काम सुरू ठेवलं. निळ्या संघातला एक पाच नंबरचा मुलगा तिच्या मनात भरला होता. हलके पाय, झटकन वळणारा.

"पाच नंबर चांगला आहे," ती सहज म्हणाली.

"कोण, तो?" काका वळले. "डोळे आहेत का तुला? चेंडू हातून गेला, की पहिल्यांदा प्रशिक्षकाकडे बघतो. भित्रा आहे."

"भित्रा नाही, शिकतोय. पाय बघा त्याचे."

"पाय, पाय! तुझा बाप पण हेच. पायांना काय हार घालायचेत? तोंड बघ त्याचं!"

"तोंडाने उडी मारता येत नाही, काका."

पुढच्या रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. काकांचा चेहरा लाल झाला होता. ते पुढे वाकून, हातवारे करत तिला पटवून देत होते. पाच नंबर कसा कच्चा आहे आणि पांढऱ्या संघातला तो जाडसर अकरा नंबर कसा खरा गडी आहे, हे सांगताना त्यांचा श्वास पुरत नव्हता. मध्येच त्या जाडसर मुलाने निळ्या संघातल्या दोघांच्या मधून पास दिला, आणि काका तिच्या दंडावर थाप मारून ओरडले, "बघितलंस?"

"बघितलं," ती म्हणाली.

काका क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी रुमालाने चष्मा पुसला, तो बराच वेळ पुसत बसले, आणि म्हणाले, "चल, आता नीट बघू दे."

असे ते परत कामाला लागले. साहेबांनी त्यांना कचेरीत टेबल देऊ केलं, ते त्यांनी पंचबाईंना देऊन टाकलं. पंचबाई आणि ते यांचं पहिल्याच बैठकीत असं वाजलं, की चित्रणाच्या खोलीतली मंडळी दार उघडून बघायला आली. पण महिन्याभरात हीच मंडळी काकांना बोलावून विचारू लागली, "हा मुलगा पडद्यावर ठीक दिसतो, जाऊन बघता का?" आणि काकाही त्यांना विचारत, "मी पाहिलं त्या दिवशी त्याची फेक बिघडली होती. रोजचं काय आहे?"

पाच नंबरच्या बाबतीत काका चुकले. छोटीने हट्टाने त्याला घेतलं आणि तो संघात टिकला. अकरा नंबरच्या बाबतीत ती चुकली. तिने नको म्हटलेला तो जाडसर गडी दुसऱ्या क्लबाकडून खेळला आणि यांच्याच संघाला हरवून गेला. त्या दिवशी काका तिला काही बोलले नाहीत. फक्त परतीच्या वाटेवर प्रत्येक वळणाला समाधानाने उसासा टाकत होते.

मोसमाच्या शेवटी शेवटी एका रविवारी आई म्हणाली, "मीही येते." कोणी कारण विचारलं नाही. ती मागच्या सीटवर बसली, आणि गाडी गावाबाहेर पडताच तिचे प्रश्न सुरू झाले. हे कुठे थांबायचे? जेवायचे वेळेवर? झोप यायची तेव्हा काय करायचे? काका पुढून मान वळवून एकेकाचं उत्तर देत होते. हे वळण आलं, की तो काच खाली करायचा. त्या टेकडीपाशी आम्ही एकदा रस्ता चुकलो आणि तो तास तास कबूल करेना. ज्या वाटांनी नवरा तिच्यापासून लांब जायचा, त्या वाटा आई खिडकीतून पहिल्यांदाच बघत होती.

"आणि झोप आली, की गायचा," काका म्हणाले.

"कोण?" आई पुढे सरकली. "हे? गायचे?"

"मोठ्यांदा. अगदी काचा हादरतील असं."

"घरी तर कधी गुणगुणलेसुद्धा नाहीत."

"बरं झालं, वहिनी. फार वाईट गायचा."

"कसे गायचे? दाखवा ना."

काकांनी आढेवेढे घेतले. छोटीकडे पाहिलं, पण तिने रस्त्यावरची नजर हलवली नाही. मग त्यांनी घसा साफ केला, आणि आपल्या मित्राचा बेसूर आवाज जसा आठवत होता तसा, वरच्या पट्टीत, सगळे ताल सोडून लावला. आई मागे तोंडावर हात धरून हसत होती, हसता हसता म्हणत होती, "अजून, अजून," आणि छोटीने गाडीचा वेग थोडा कमी केला.